'मिळाले' म्हणजे किती मिळाले?

सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिथल्या किशोरवयीन मुलामुलींना लैंगिक शिक्षण कितपत मिळते, हा तिचा विषय. पहिलाच निष्कर्ष असा, की वयाच्या १८ वर्षांच्या आत औपचारिक लैंगिक शिक्षण मिळालेल्या मुलांचे प्रमाण ९७ टक्के आहे आणि मुलींचे ९६ टक्के. पुढे २०२२ मध्ये 'जर्नल ऑफ ॲडोलेसंट हेल्थ' या नियतकालिकात लॉरा लिंडबर्ग आणि लेस्ली कँटर यांचा शोधनिबंध आला. त्यातले आकडे आहेत मुले ५४ टक्के, मुली ५३ टक्के. गंमत म्हणजे दोन्हीकडचे आकडे एकाच सर्वेक्षणातून घेतलेले आहेत. पुस्तिकेत २००६ ते २००८ या काळातल्या मुलाखती आहेत, शोधनिबंधात २०१५ ते २०१९ या काळातल्या.

मग मधल्या दहा वर्षांत अमेरिकेतल्या निम्म्या शाळांनी हा विषय शिकवणे सोडून दिले की काय? तसे काही झालेले नाही. झाले आहे ते एवढेच, की 'शिक्षण मिळाले' या दोन शब्दांचा अर्थ दोन्हीकडे वेगळा धरला आहे. आपल्याकडे लैंगिक शिक्षणाचा वाद निघाला की परदेशातले आकडे दोन्ही बाजूंनी फेकले जातात. शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गातही एखादा तक्ता पडद्यावर येतो आणि जातो. म्हणून हे आकडे कसे तयार होतात ते या वेळी जरा सविस्तर पाहायचे आम्ही ठरवले. यातले गणित आठवीच्या पलीकडचे नाही.

या सर्वेक्षणाचे नाव 'नॅशनल सर्व्हे ऑफ फॅमिली ग्रोथ'. ते १९७३ पासून होत आले आहे. सुरुवातीला फक्त स्त्रियांना प्रश्न विचारले जात. पुरुषांचा समावेश २००२ पासून झाला. या फेऱ्यांत देशभरातून नमुना निवडून, घरोघर जाऊन, समोरासमोर बसून मुलाखत घेतली जात असे. मुलाखत घेणाऱ्या सगळ्या स्त्रियाच असत. २००६ ते २०१० या फेरीत २२,६८२ जणांच्या मुलाखती झाल्या होत्या. त्यातल्या १५ ते १९ वयाच्या मुलामुलींची उत्तरे आपल्या विषयाची.

प्रश्नाचा आशय साधारण असा : वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधी शाळेत, चर्चमध्ये, समाजकेंद्रात किंवा आणखी कुठे तुम्हांला अमुक विषयाचे औपचारिक शिक्षण मिळाले का? अमुक विषयाच्या जागी एकेक करून चार गोष्टी विचारल्या गेल्या. लैंगिक संबंधाला नकार कसा द्यावा, संततिनियमनाच्या पद्धती, लैंगिक संबंधातून पसरणारे आजार, आणि एचआयव्ही-एड्सपासून बचाव. उत्तर 'हो' किंवा 'नाही'.

२०१० च्या पुस्तिकेने या चारांपैकी कोणत्याही एकाला 'हो' म्हणणाऱ्याला 'शिक्षण मिळाले' या रकान्यात घातले. २०२२ च्या शोधनिबंधाने चारही गोष्टींना 'हो' म्हणणाऱ्यालाच घातले. अमेरिकेच्या 'हेल्दी पीपल २०३०' या राष्ट्रीय उद्दिष्टांत हीच किमान अपेक्षा धरली आहे. शालान्त परीक्षेत कोणत्याही एका विषयात पास झालेला तो उत्तीर्ण, असा नियम केला तर निकाल किती लागेल आणि सर्व विषयांत पास झालेला तोच उत्तीर्ण म्हटले तर किती लागेल, याची कल्पना शिक्षकांना वेगळी करून द्यायला नको.

आता पुस्तिकेतलेच मुलांचे विषयवार आकडे घेऊ. नकार कसा द्यावा हे शिकवले गेलेले ८१ टक्के, संततिनियमन ६२ टक्के, लैंगिक आजार ९२ टक्के, एचआयव्हीपासून बचाव ८९ टक्के. एवढ्यावरून चारही विषय मिळालेले किती, हे नेमके सांगता येत नाही. मर्यादा मात्र सांगता येतात. चारही मिळालेल्यांचे प्रमाण सर्वांत लहान आकड्याहून, म्हणजे ६२ टक्क्यांहून, जास्त असूच शकत नाही. उलट बाजूने पाहा. न मिळालेले अनुक्रमे १९, ३८, ८ आणि ११ टक्के. हे सगळे वेगवेगळे मुलगे आहेत असे समजले, तर कशाना कशाला मुकलेले ७६ टक्के होतात आणि चारही मिळालेले उरतात २४ टक्के. म्हणजे खरा आकडा २४ आणि ६२ यांच्या मध्ये कुठेतरी. 'किमान एक' मिळालेल्यांचा आकडा याच हिशेबाने ९२ ते १०० यांच्या मध्ये पडतो, आणि पुस्तिकेतला ९७ तिथे बरोबर बसतो.

म्हणजे २०१५–१९ च्या ५४ टक्क्यांची तुलना ९७ शी करायचीच नाही. ती करायची २४ ते ६२ यांच्या मधल्या कोणत्या तरी आकड्याशी. घट झाली असलीच तर ती फार तर आठ टक्क्यांची. कदाचित वाढही झाली असेल. ९७ वरून ५४ ही भयंकर दिसणारी उतरण कागदावरची आहे. नववीच्या वर्गात संच आणि वेन आकृती शिकवताना हे उदाहरण फळ्यावर मांडून पाहायला हरकत नाही. पुस्तकातल्या क्रिकेट आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलांपेक्षा यात थोडा अधिक जीव आहे.

इथे कोणी म्हणेल, की व्याख्या स्पष्ट दिलेली असली म्हणजे झाले, ज्याने त्याने वाचून घ्यावी. पुस्तिकेत व्याख्या आणि विषयवार आकडे दिलेलेच आहेत, लपवाछपवी काही नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. 'किमान एक' हे माप ज्या काळात वापरले गेले, त्याच काळात तिथल्या लैंगिक शिक्षणात एक मोठा बदल घडत होता, आणि तो बदल या मापाला दिसूच शकत नव्हता.

१९९६ साली अमेरिकेत समाजकल्याणाच्या कायद्यात मोठी सुधारणा झाली. त्या कायद्याने विवाहापर्यंत लैंगिक संबंधांपासून दूर राहावे एवढेच शिकवणाऱ्या कार्यक्रमांसाठी केंद्र सरकारकडून राज्यांना दरवर्षी ५ कोटी डॉलर देण्याची तरतूद केली. संयमाचे फायदे शिकवणे हाच कार्यक्रमाचा एकमेव उद्देश असला पाहिजे, अशी अट होती. त्यानंतर काय झाले ते लिंडबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडले. संततिनियमनाविषयी शिक्षण मिळालेल्या मुलांचे प्रमाण १९९५ मध्ये ८१ टक्के होते, ते २००२ मध्ये ६६ वर आले. मुलींचे ८७ वरून ७० वर. संततिनियमनाचा शब्दही न काढता फक्त संयमाचे धडे मिळालेली मुले ९ टक्के होती ती २४ टक्के झाली, मुली ८ टक्के होत्या त्या २१ टक्के झाल्या. गटमाखर इन्स्टिट्यूटच्या २०१६ मधल्या निबंधात ही घसरण पुढे गेलेली दिसते. संततिनियमन शिकवले गेलेल्या मुली २००६–१० मध्ये ७० टक्के होत्या, त्या २०११–१३ मध्ये ६० टक्के. मुलांचे प्रमाण ६१ वरून ५५. ग्रामीण भागात तर मुलींचा हाच आकडा ७१ वरून ४८ वर आला.

ज्या मुलीला संततिनियमनाचा पाठ मिळाला नाही पण नकाराचा मिळाला, ती 'किमान एक' या मापात 'शिक्षण मिळाले' याच रकान्यात राहते. तिच्या शाळेत काय बदलले याची नोंद होत नाही. दुष्काळात किती घरांत अन्नाचा एक तरी घास पोचला हे मोजून सगळे ठीक आहे म्हणण्यासारखे हे आहे. पुस्तिकेच्या कर्त्यांनी ९७ हा आकडा पहिल्या ओळीत न देता तिसऱ्या-चौथ्या ओळीत दिला असता, आणि ६२ पहिल्या ओळीत दिला असता, तरी वाचकांवर उपकार झाले असते.

लिंडबर्ग यांच्या २००६ च्या तुलनेतही एक खोच आहे, तीही सांगायला हवी. १९९५ मध्ये या सर्वेक्षणात पुरुष नव्हतेच. त्यामुळे मुलांचा १९९५ चा आकडा दुसऱ्याच एका सर्वेक्षणातून घ्यावा लागला आहे. दोन वेगळ्या तराजूंवर तोललेल्या वजनांतला फरक थोडा जपूनच वापरावा. मुलींचे दोन्ही आकडे मात्र एकाच सर्वेक्षणाचे आहेत, आणि घसरण तिथेही जवळपास तेवढीच आहे. म्हणून एकंदर निष्कर्षाला धक्का लागत नाही असे आम्हांला वाटते.

माप सुधारले तरी प्रश्नातल्या काही अडचणी उरतातच. त्यातली वयाची अडचण सर्वांत मनोरंजक आहे. प्रश्न '१८ वर्षांच्या आत' असा आहे, आणि उत्तर देणाऱ्यांत १५ वर्षांचीही मुले आहेत. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने 'नाही' म्हटले तर ते कायमचे 'नाही'. पंधरा वर्षांच्या मुलाचे 'नाही' हे 'अजून नाही' असू शकते; त्याच्या शाळेत तो पाठ पुढच्या इयत्तेत असेल. दोघांची 'नाही' एकाच टोपलीत टाकली की शेवटी शिक्षण मिळणाऱ्यांचे प्रमाण खऱ्यापेक्षा कमी दिसणार. नोव्हेंबरमध्ये सगळ्या शाळांत जाऊन 'अभ्यासक्रम पूर्ण झाला का' असे विचारण्यातलाच हा प्रकार.

पण थांबा. हा दोष वाटतो तितका निरुपद्रवी दोष नाही, आणि तितका दोषही नाही. 'अजून नाही' हे उत्तर किती दिवस चालेल? ज्या गोष्टीसाठी शिक्षण द्यायचे ती गोष्ट घडून गेल्यावर ते मिळाले तर त्याचा उपयोग काय? म्हणून २०१६ च्या निबंधातला एक वेगळा आकडा आम्हांला फार मोलाचा वाटतो. पहिल्या लैंगिक संबंधाच्या आधी संततिनियमनाची माहिती औपचारिकरीत्या मिळालेली नव्हती, अशी मुले ५७ टक्के आणि मुली ४३ टक्के निघाल्या. इथे वर्षांची मर्यादा कायद्याने ठरवलेली नाही. ती ज्याच्या त्याच्या आयुष्याने ठरवलेली आहे. लसीकरणाच्या बाबतीत आपण लस टोचली का एवढेच विचारून थांबत नाही, वेळेत टोचली का हेही विचारतो.

बाकीच्या अडचणी थोडक्यात. तीस तासांचा अभ्यासक्रम आणि एका दुपारी पाहुण्या डॉक्टरांनी दिलेले पाऊण तासाचे व्याख्यान, दोघांचीही नोंद 'हो' अशीच होते. 'औपचारिक' या शब्दाचा अर्थ सगळी मुले सारखाच घेतात याची खात्री नाही. आठवणीवर विसंबावे लागते. १८ वर्षांखालच्या मुलांची मुलाखत पालकांच्या परवानगीनेच होते, आणि जे पालक परवानगी नाकारतात त्यांची मुले या बाबतीत इतरांसारखीच असतील असे मानायला आधार नाही.

मुलांना विचारण्यापेक्षा शाळांनाच विचारले तर? तेही होते. अमेरिकेतले रोगनियंत्रण केंद्र दर दोन वर्षांनी 'स्कूल हेल्थ प्रोफाइल्स' नावाची पाहणी करते. त्यात मुख्याध्यापक आणि आरोग्यशिक्षण देणारे प्रमुख शिक्षक प्रश्नावली भरतात. २०१४ च्या पाहणीत केंद्राने सुचवलेले लैंगिक आरोग्याचे सोळाही विषय शिकवणाऱ्या शाळा बहुतेक राज्यांत माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत निम्म्याहून कमी आणि मधल्या वर्गांत जेमतेम पंचमांश निघाल्या. इथे चार विषयांचे सोळा झाले, शिवाय टक्केवारी मुलांची राहिली नाही, शाळांची झाली. दोनशे मुलांची शाळा आणि दोन हजारांची शाळा, दोन्ही एकेकच धरल्या जातात. आणि शिकवले म्हणजे मिळाले असे नव्हे. त्या दिवशी पटावरची किती मुले वर्गात होती, कितींना पालकांनी त्या तासातून वगळायला लावले, हे शाळेच्या प्रश्नावलीत येत नाही. मुलांचे आकडे आणि शाळांचे आकडे जुळत नाहीत म्हणून कोणी खोटे बोलते आहे असे समजू नये. दोघांना दोन वेगळे प्रश्न विचारलेले असतात.

आम्हांला सर्वांत आवडलेला प्रश्न ब्रिटनमधला आहे. तिथे १९९०–९१ पासून साधारण दर दहा वर्षांनी लैंगिक वर्तनाची राष्ट्रीय पाहणी होते, तिला 'नॅटसाल' म्हणतात. (पहिल्या पाहणीला सरकारी पैसा द्यायला १९८९ मध्ये थॅचर सरकारने नकार दिला, मग वेलकम ट्रस्टने तो दिला. मोजमापालाही परवानगी लागते, ती अशी.) या पाहणीत तरुणांना विचारले जाते, की लैंगिक गोष्टींची माहिती तुम्हांला मुख्यतः कुठून मिळाली. शाळेतल्या तासांतून, असे सांगणारे १९९०–९१ मध्ये सुमारे २८ टक्के होते, ते २०१०–१२ मध्ये सुमारे ४० टक्के झाले. पण त्याच तरुणांना पुढे असेही विचारले होते, की पहिल्या लैंगिक अनुभवासाठी मन तयार झाले असे वाटले तेव्हा तुम्हांला माहीत असायला हवे तेवढे माहीत होते का? सुमारे ६८ टक्के पुरुष आणि ७१ टक्के स्त्रिया म्हणाल्या, नव्हते. शाळेने दिले का, हे विचारण्यापेक्षा तुला पुरले का, हे विचारणे अवघड असते, कारण उत्तर शाळेला आवडेलच असे नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतात या विषयाचा सर्वाधिक उद्धृत होणारा आकडा 'युथ इन इंडिया' या अभ्यासातला आहे. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी तो केला. २००६–०७ चा अभ्यास म्हणून तो ओळखला जातो. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, बिहार, झारखंड, राजस्थान आणि तमिळनाडू अशी सहा राज्ये त्यात होती आणि पन्नास हजारांवर तरुण-तरुणींच्या मुलाखती झाल्या. कुटुंबजीवन शिक्षण किंवा लैंगिक शिक्षण मिळाल्याचे सांगणारे निघाले फक्त १५ टक्के. ते मिळायला हवे असे म्हणणारे मात्र तरुणांत ८३ टक्के आणि तरुणींत ७८ टक्के होते.

हा अभ्यास घरोघर जाऊन झाला आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. आपल्याकडे शाळेत बसलेल्या मुलांनाच विचारले, तर शाळा सोडून शेतावर, वीटभट्टीवर किंवा सासरी गेलेली मुलगी हिशेबातच येत नाही. तिला धरून काढलेली १५ टक्के ही टक्केवारी प्रामाणिक आहे. पण अमेरिकेच्या ९७ शेजारी ती ठेवून 'पाहा, आपण किती मागे' असे म्हणण्याआधी प्रश्न ताडून पाहिला पाहिजे. तिथे एकेका विषयाचे नाव घेऊन विचारले. इथे उत्तर 'कुटुंबजीवन शिक्षण' किंवा 'लैंगिक शिक्षण' या नावांभोवती फिरते. नाव बदलले की उत्तर बदलते. आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा पाठ आहे. तो शिकलेल्या मुलाला 'लैंगिक शिक्षण मिळाले का' असे विचारा. बहुधा तो गोंधळेल, क्वचित लाजेल आणि 'नाही' म्हणेल. त्याच मुलाला 'मासिक पाळी का येते हे शाळेत शिकवले का' असे विचारले तर 'हो' म्हणेल. (ते शिक्षकांनी फळ्यापाशी उभे राहून शिकवले की 'घरी वाचून या' म्हणून सोडले, हा आणखी वेगळा प्रश्न.)

नावाची ही गोष्ट आपल्याकडे नुसती भाषेची नाही. केंद्राच्या शिक्षण खात्याने आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००५ मध्ये किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो शाळांत चालवायला नकार दिला. राज्यसभेच्या याचिका समितीनेही २००९ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाविरुद्ध मत दिले. ज्या भाषेत र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ पर्यंत निघत होते, त्या भाषेच्या राज्यात ही स्थिती. पुढे हेच विषय कधी 'जीवनकौशल्ये', कधी 'आरोग्य', कधी 'मूल्यशिक्षण' या नावांखाली थोडेथोडे येत राहिले. २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमातही प्रजनन आरोग्य आणि एचआयव्हीपासून बचाव हा एक विषय आहे. नाव टाळून शिकवलेली गोष्ट नाव घेऊन मोजायला गेले तर हाती काय लागणार?

मोठ्या सर्वेक्षणांनी लोकांचे मत विचारले आहे, ते उपयोगाचे आहे. २००५–०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शाळेत कोणत्या गोष्टी शिकवाव्यात हे प्रौढांना विचारले होते. पण शिकवाव्यात का आणि शिकवल्या का, हे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर प्रौढांकडे नसते.

आमची सूचना लहान आहे. अकरावीच्या वर्गाला निनावी चिठ्ठ्या देऊन शिक्षकांना हे स्वतःच मोजून पाहता येईल. 'लैंगिक शिक्षण' हा शब्द चिठ्ठीवर नकोच. वयात येताना होणारे बदल, मासिक पाळी, गर्भधारणा, संततिनियमन, लैंगिक आजार, नकोशा स्पर्शाला किंवा मागणीला नकार, अशी साधी नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे तीनच गोष्टी विचाराव्यात : वर्गात शिकवले का, कोणत्या इयत्तेत, आणि तेवढे पुरेसे वाटले का. मुलांच्या स्वतःच्या वागण्याबद्दल एकही प्रश्न नसावा. तो आपला अधिकार नाही. मुलग्यांच्या आणि मुलींच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या असाव्यात, म्हणजे दोघांची टक्केवारी वेगळी काढता येईल. मग 'किमान एक' आणि 'सर्व' असे दोन्ही आकडे मुलांनाच काढायला सांगावेत. चिठ्ठीवर नाव किंवा हजेरी क्रमांक असू नये, घड्या घातलेल्या चिठ्ठ्या बंद खोक्यात मुलांनी आपल्या हाताने टाकाव्यात, आणि कोऱ्या आलेल्या चिठ्ठ्या फेकून न देता वेगळ्या मोजाव्यात.